भोकापाशी फाटलेलं ब्रेसलेट : चांदीच्या मातीतल्या एका कामाची तपासणी

ब्रेसलेट सहा पट्ट्यांचं होतं. प्रत्येक पट्टी जेमतेम २३ मिलिमीटर लांब आणि १५ रुंद. वर तंबाखूच्या पानाच्या शिरा खोल उमटलेल्या, शिरांत काळसर झाक, बाकी अंगावर उजाळा. निपाणीच्या एका चित्रकला शिक्षिकेनं, म्हणजे ताईंनी, ते चांदीच्या मातीतून स्वतः घरी केलं आणि भाचीला लग्नात दिलं. भाचीचं आजोळ, म्हणजे ताईंचं माहेर, तंबाखूवाल्यांचं. म्हणून पानही तंबाखूचं. हातात हिरवा चुडा होता तोवर ब्रेसलेट टिकलं. मग एका पट्टीचं भोक कडेपर्यंत फाटलं आणि कडी निसटली. बेळगावातल्या ओळखीच्या सोनारमामांनी झाळ, म्हणजे सांधायचा वितळणारा धातू, देऊन ते बुजवलं. थोड्याच दिवसांत शेजारची पट्टी त्याच जागी फाटली. तिला झाळ दिली तोवर पहिली पुन्हा सुटली होती.

बेळगावच्याच टिळकवाडीत माझं दागिन्यांचं लहानसं काम आहे आणि विजेची भट्टी आहे, म्हणून ते प्रकरण एका स्टीलच्या डबीतून माझ्याकडे आलं. ताई डबी उघडतानाच म्हणाल्या, "मातीच खोटी लागली बघ. चांदीपेक्षा महाग घेतली आणि अशी निघाली." मामांचं मतही त्याच वाटेचं. त्यांनी पट्टी चिमट्यात धरून दाखवली : "ही चांदी न्हवं ओ, खडूगत हाय. झाळ घाटली की पिऊलालीय."

दोघांनीही दोष मातीवर टाकला होता. मला ते पटेना, कारण माल खराब असता तर पट्टी कुठेही मोडली असती, कोपऱ्यात किंवा मधोमध. इथं सहा पट्ट्यांना मिळून बारा भोकं, आणि जी दोन फाटली ती दोन्ही एकाच दिशेनं, शिरेच्या रेषेत फाटलेली. वाईट माल इतका शिस्तीत मोडत नाही.

ही माती म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत शुद्ध चांदीची अतिबारीक भुकटी, जाळल्यावर उडून जाणारा चिकट पदार्थ आणि पाणी एकत्र मळून पहिली मेटल क्ले तयार झाली. पाठोपाठ जपानच्याच आयडा केमिकलची आर्ट क्ले आली. हातात घेतली तर कणकेसारखी मऊ. लाटा, ठसा उमटवा, कापा, वाळवा, कानशीनं घासा. मग तापवली की चिकट पदार्थ जळून जातो आणि चांदीचे कण एकमेकांना धरतात. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी : चांदी वितळत नाही. ती वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. त्याच्या बऱ्याच खाली, ६५० ते ९०० अंशांत, कण जिथं एकमेकांना टेकलेले असतात तिथं ते हळूहळू एकजीव होतात आणि मधल्या फटी आकसत जातात. जितकी उष्णता आणि जितका वेळ जास्त, तितक्या फटी कमी. त्यामुळेच वस्तू लहान होते. किती लहान होणार, ते पाकिटावर छापलेलं असतं.

म्हणजे भट्टीतून निघालेली वस्तू दिसायला पूर्ण चांदी असते, पण आतून ती किती भरली आहे ते डोळ्यांना कळत नाही. साठ टक्के शिजलेला भात आणि पूर्ण शिजलेला भात ताटात सारखाच पांढरा दिसावा, तसं.

ताईंची शिस्त कामाला आली. त्यांनी पट्ट्या कापायला जो पुठ्ठ्याचा साचा वापरला होता, तो डबीतच होता. साचा बरोबर २५ मिलिमीटर लांब. व्हर्नियरनं पट्ट्या मोजल्या तर न फाटलेल्या चारही २२.८ च्या आसपास भरल्या. म्हणजे त्या नऊ टक्क्यांहून थोड्या कमी आकसल्या होत्या. मातीचं रिकामं पाकीटही ताईंनी जपून ठेवलं होतं, त्यावर १२ ते १५ टक्के लिहिलेलं. कमी आकसलेली पट्टी ही कमी भाजलेली पट्टी असते. याला प्रयोगशाळा लागत नाही, साचा फेकून न देण्याची सवय लागते.

तरी मामांची खात्री पटवायची म्हणून पाण्यातलं वजनही केलं. चारही पट्ट्या एकत्र, हवेत ९.४४ ग्रॅम. मग बारीक दोऱ्यानं पाण्यात लोंबत्या ठेवून पुन्हा तोलल्या. वजनात १.१३ ग्रॅमची घट आली. पाण्यात जेवढे ग्रॅम घटतात तेवढे घनसेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान, हे शाळेत शिकलेलं असतं. ९.४४ ला १.१३ ने भागलं की ८.३५. भरीव चांदीचा आकडा १०.४९ आहे. म्हणजे पट्ट्यांत पाचवा हिस्सा पोकळी. एक-एक पट्टी तोलली असती तर माझ्या काट्याच्या चुकीतच उत्तर बुडालं असतं, म्हणून चारही एकत्र. पट्टी पाण्यात बुडताच तिच्या अंगातून बारीक बुडबुडे निघायला लागले, ते पाहून मामा म्हणाले, "म्हणूनच झाळ पिऊलालती." ते बरोबर होतं. लक्षण त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, फक्त त्याचं कारण मातीत शोधलं.

मग ताईंना विचारलं, भाजलं कसं? भट्टी नव्हतीच. स्वयंपाकघरातला ब्यूटेन गॅसचा छोटा टॉर्च, खाली विटेचा तुकडा. टॉर्चनं भाजणं चुकीचं नाही. एवढ्या लहान पट्टीला ते चालतं, पुष्कळ लोक करतात. अट एकच : आधी धूर आणि छोटी ज्योत निघून चिकट पदार्थ जळू द्यायचा, मग पट्टी पिकलेल्या पपईच्या गरासारखी नारिंगी-केशरी दिसू लागली की तिथून घड्याळ लावायचं आणि निदान दोन मिनिटं, जमल्यास चार-पाच, तोच रंग धरून ठेवायचा. ताईंनी घड्याळ लावलं होतं ज्योत पेटवल्यापासून. अर्धा वेळ धुरातच गेला. शिवाय काम भर दुपारी अंगणाकडच्या खिडकीत. उजेडात तो रंग दिसतच नाही. त्यासाठी खोली अंधारी करावी लागते.

याच्याही मागे एक कारण होतं आणि ते मला सगळ्यात पटण्यासारखं वाटलं. पहिली पट्टी त्यांनी जास्त तापवली होती. तिची कड एकदम आरशासारखी चमकली आणि गोळा होऊन आत ओढली गेली. ती पट्टी गेली. महागाची माती डोळ्यांसमोर वितळलेली पाहिल्यावर पुढच्या सहा पट्ट्यांच्या वेळी हात आपोआप लवकर मागे आला. टॉर्चवाल्यांच्या कामात ही जोडी मी नेहमी पाहतो : एक वितळलेली, बाकी कच्ची.

पण कच्चं भाजणं एवढ्यानं प्रकरण संपत नव्हतं. कच्च्या भाजलेल्या पट्ट्यांची पेंडंटं लोक वर्षानुवर्षं घालतात. इथं फाटण्याची जागा ठरावीक का होती?

पट्टी उलटसुलट करून भिंगाखाली पाहिली. ताईंनी तंबाखूचं हिरवं पान पाठीकडून, म्हणजे उठावदार शिरांच्या बाजूनं, थेट मातीवर दाबलं होतं. तंबाखूच्या हिरव्या पानाला चिकट डिंक असतो, शेतात खुडणाऱ्यांचे हात त्यानं काळे होतात. म्हणून त्यांनी पानाला तेलाचा हात फिरवला होता. ठसा झकास आला. पानाची मधली जाड शीर त्यांनी प्रत्येक पट्टीच्या बरोबर मधून, लांबीच्या दिशेनं घेतली. चित्रकाराला असंच सुचणार. त्यामुळे सहाही पट्ट्या एका सलग देठावर बसल्यासारख्या दिसतात. आणि ब्रेसलेटच्या कड्यांसाठी भोकं कुठं पाडायची? तीही टोकाला बरोबर मधोमध.

उठावाची शीर मातीत दाबली की तिथं चर पडतो. सगळ्यात जाड शिरेचा सगळ्यात खोल चर. माती पत्त्यांच्या जाडीनं लाटली होती, दोन्ही बाजूला चार-चार पत्ते, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. भाजून झाल्यावर चराबाहेरची जाडी ०.९ भरली, चरातली ०.५. सहा पट्ट्यांतलं एकूण एक भोक या अर्ध्या मिलिमीटरात होतं. त्यातून भोक ते कड हे अंतर सुमारे एक मिलिमीटर, भोकाच्या व्यासापेक्षाही कमी. निदान भोकाच्या व्यासाइतकी तरी जागा कडेला सोडावी लागते. रोज वापरायच्या वस्तूला दीडपट.

पेंडंट नुसतं लोंबतं, त्याला स्वतःच्या वजनाशिवाय ओढ नसते. पट्ट्यांच्या ब्रेसलेटचं तसं नाही. पदरात अडकतं, बॅगेच्या बंदात अडकतं, स्कूटरच्या हँडलवर मनगट वळलं की ताणतं. तो सगळा ताण एका भोकातून पुढच्या भोकात जातो. पट्टीच्या मधल्या भागाला, जिथं नक्षी आहे, काहीही सोसावं लागत नाही. त्यामुळे अशा ब्रेसलेटची आखणी मी भोकापासून सुरू करतो : आधी दोन्ही टोकांना चार-पाच मिलिमीटरची सपाट, भरजाडीची जागा, आणि उरलेल्या मैदानात हवा तेवढा खोल ठसा. मेटल क्लेच्या वर्गात मात्र उलट शिकवतात. पूर्ण तुकड्यावर ठसा उमटवून मग साच्यानं पट्ट्या कापायच्या, कारण ते झटपट होतं आणि फोटोत छान दिसतं. भोक ही शेवटची, किरकोळ गोष्ट होऊन बसते.

तिसरा हात कड्यांचा. त्या ताईंनी निपाणीकडच्या एका पैंजण करणाऱ्या कारागिराकडून वजनावर घेतल्या होत्या. हुपरी तिथून जवळच, त्या भागात घराघरांत चांदीचं काम चालतं आणि तयार कड्या सहज मिळतात. पैंजणाच्या चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, कमी असतो, तांबं जास्त, म्हणून ती कडक. पैंजणाला ते योग्यच आहे. पण इथं तार ०.८ मिलिमीटरची, कडीची तोंडं झाळून बंद केलेली नव्हती, आणि कापलेल्या तोंडाला धार होती. शुद्ध चांदी मऊ, त्यातून कच्ची भाजलेली. कडी फिरत राहिली, धार भोकाच्या काठाला घासत राहिली. न फाटलेल्या पट्ट्यांतही भोकं लांबट झालेली भिंगातून स्पष्ट दिसत होती. म्हणजे उरलेल्या चार पट्ट्याही वाटेवरच होत्या.

इथपर्यंत निदान झालं. दुरुस्ती ठरवताना खरी अडचण आली मामांच्या झाळीची. झाळ न दिलेल्या पट्ट्या पुन्हा भट्टीत घालून पूर्ण भाजता येतात; कण पुन्हा धरू लागतात, काम जिथं थांबलं तिथून पुढे जातं. पण झाळ लागलेल्या पट्टीचं तसं नाही. चांदीची झाळ चांदीत पितळ मिसळून करतात, ती मुद्दाम कमी अंशांना वितळणारी असते. तशी पट्टी ९०० अंशांना दोन तास ठेवली तर झाळ पसरते, भुसभुशीत अंगात शिरते आणि जागा खाऊन खड्डे पाडते. म्हणून त्या दोन पट्ट्या भट्टीबाहेर ठेवाव्या लागल्या. मामांचा यात काय दोष? चांदी म्हणून समोर आली, चांदीला जे करतात ते त्यांनी केलं. मात्र ज्यांच्याकडे असं काम येतं त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा : आधी भट्टी, मग झाळ. उलटा क्रम चालत नाही.

मामांनी सुचवलं, सगळं मुशीत घालून वितळवू आणि पत्रा काढून नवं करू. धातूच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नव्हतं, झाळीचा अंश सोडला तर वितळवल्यावर ती शुद्ध चांदीच. पण पंधरा ग्रॅमच्या आतबाहेर चांदी, तिची किंमत ती काय. पान मात्र गेलं असतं. ताई नाही म्हणाल्या.

चार पट्ट्यांना भट्टीत घालण्याआधी आणखी एक काम होतं. झाळीच्या वेळी मामांनी सगळंच ब्रेसलेट तेजाबात बुडवलं होतं, पांढरं काढायला. आता मेटल क्ले भाजून निघाली की पांढरीशुभ्र, खडूसारखीच दिसते. तो मळ नव्हे, पृष्ठभाग अजून दाबला गेलेला नाही एवढंच. पितळी ब्रश फिरवला की खालून चांदी दिसते. तेजाबाची गरज नव्हती. आणि सच्छिद्र अंगात गेलेलं तेजाब सहजी बाहेर येत नाही, आठवड्यानं हिरवट डाग बनून येतं. म्हणून पट्ट्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळल्या, साध्या पाण्यात पुन्हा उकळल्या, मग गरम तव्याशेजारी रात्रभर सुकवल्या. पावसाळ्यात बेळगावच्या हवेत 'सुकलं' या शब्दावर विश्वास ठेवत नाही मी. कोमट पट्टी काचेवर ठेवायची आणि उचलायची. काचेवर धुकं उमटलं तर आत पाणी आहे. चार पट्ट्यांपैकी एकीनं सकाळीही धुकं सोडलं.

पट्ट्यांना मनगटाचा किंचित बाक होता, तो भट्टीत बसू नये म्हणून खाली सिरॅमिकच्या लोकरीचा तुकडा त्या आकारात दाबून दिला. भट्टी ८९० वर लावली, दोन तास. ९०० का नाही, असं लोक विचारतात. चांदी वितळायला तिथून फक्त ६० अंश उरतात, आणि भट्टीचा आकडा दाखवतो ते आतल्या तापमापक सुईच्या टोकाचं तापमान. मागच्या कोपऱ्यात काय आहे ते भट्टीलाच ठाऊक. मधेच लाइट गेली. पट्ट्या थंड होऊ दिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून दोन तास दिले. जास्तीच्या भाजण्यानं बिघडत काही नाही, फायदाच होतो.

बाहेर आल्यावर लांबी २२.० मिलिमीटर. साच्याच्या २५ वरून बरोबर १२ टक्के, पाकिटावर लिहिल्यासारखी. वजन तेच, ९.४४, पाण्यातली घट १.०२, भागाकार ९.२५. भरीव चांदीच्या आकड्याला अजून पोचलेली नाही आणि पोचणारही नाही, मातीची चांदी थोडी पोकळ राहतेच. पण आता पाण्यात बुडबुडे नव्हते. फरशीवर टाकली तर 'टण्ण' वाजली. आधीचा आवाज 'टप' होता. मामांनी आवाज ऐकला आणि पट्टी हातात घेऊन वाकवून बघितली. वाकली, मोडली नाही. "आता चांदी झाली," म्हणाले.

माती निर्दोष होती हे इथं सिद्ध झालं. भोकं मात्र होती तिथंच होती : पातळ चरात, कडेला चिकटून, लांबट झालेली.

नवी भोकं आत घ्यावीत तर ती नक्षीच्या मधोमध येतात आणि चर तिथंही आहेच. मागून ठिगळ लावावं हा विचार बरा वाटला. पण शेवटी ठरलं ते असं : भोकाचं कामच पट्टीकडून काढून घ्यायचं. ९२५ चांदीच्या (हजारात ९२५ भाग चांदी) ०.८ मिलिमीटर पत्र्याचे लहान कान कापले, चार मिलिमीटर रुंद. कानाचं एक टोक पट्टीच्या मागे, दुसरं साडेतीन मिलिमीटर बाहेर आलेलं. कडीसाठी भोक त्या बाहेरच्या भागात. पट्टीच्या जुन्या भोकातून चांदीच्या तारेचं रिव्हेट आरपार नेलं आणि पुढून त्याचं डोकं ठोकून रव्यासारखं गोल केलं. एकच रिव्हेट असेल तर कान गरगर फिरेल, म्हणून मागून झाळही दिली. ती मामांनीच दिली. आता झाळ प्यायली नाही, कारण जिथं ती बसायची तेवढी जागा आधी अकीकाच्या ओपणीनं, म्हणजे गुळगुळीत दगडी टोकाच्या हत्यारानं, घासून घट्ट मिटवून घेतली होती. मातीच्या चांदीला झाळ देण्याची सगळी खुबी यातच आहे : वरची छिद्रं दाबून बंद करा, झाळ पसरायला लावतात तो टाकणखार कमी लावा, झाळीचा तुकडा लहान घ्या.

पुढून पाहिलं तर प्रत्येक देठाच्या दोन्ही टोकांना एकेक रवा बसलेला दिसतो. पूर्वी नव्हता. ताईंना तो आवडला. मला विचाराल तर मूळ आखणीत तो नव्हता हे लक्षात येतं, पण वाईट दिसत नाही.

कानांमुळे लांबीचा हिशेब बदलला. भाचीचं मनगट १५३ मिलिमीटर, त्यात बोट जाण्याइतकी सैल जागा धरून ब्रेसलेट १७० हवं. प्रत्येक सांध्याला दोन कान आणि कडी मिळून सात मिलिमीटर जातात. सहा पट्ट्या घेतल्या तर हूक धरून १९० च्या पुढे गेलं असतं. पाचांत बसलं : पट्ट्यांचे ११०, चार सांध्यांचे २८, उरलेले हुकाचे. दोन पट्ट्या गेल्या होत्या, करायची एकच राहिली.

त्या एका पट्टीसाठी जुन्याच कंपनीची माती मिळेना. दुसरी मिळाली, ती ९ टक्के आकसणारी. इथं बरेच जण २२ मध्ये ९ टक्के मिळवतात. मिळवायचे नसतात, २२ ला ०.९१ ने भागायचं. साचा २४.२ चा निघाला. आणि हे गणित चार पट्ट्या दुसऱ्यांदा भाजून झाल्यावरच करता आलं. आधी केलं असतं तर नवी पट्टी जुन्यांपेक्षा पाऊण मिलिमीटर लांब निघाली असती, आणि ओळीत ठेवल्यावर तेवढं दिसतं.

पान शोधणं सोपं नव्हतं. निपाणी भागात तंबाखूची लावण पावसाळ्यात, काढणी थंडीत. आमच्या कामाच्या वेळी शेतात ठशाजोगं मोठं पान नव्हतं. एका भाच्यानं घरातून वाळलेली पानं आणली. वाळलेलं पान हातात चुरतं, पण ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवलं की चामड्यासारखं मऊ पडतं, आणि तेव्हा त्याच्या शिरा हिरव्या पानापेक्षाही जास्त उठून दिसतात. डिंकाचा त्रासही कमी. माती आधी सहा पत्त्यांवर लाटली, पान ठेवून पाच पत्त्यांवर एकदाच लाटणं फिरवलं. एकदाच, दुसऱ्यांदा फिरवलं की ठसा दुहेरी पडतो. लाटणं ॲक्रिलिकचं, खाली काच. घरातलं ॲल्युमिनियमचं पोळपाट किंवा फॉइल यात आणू नये, चांदीच्या मातीचं आणि ॲल्युमिनियमचं जमत नाही. पानाचा एक कण चरात चिकटून राहिला होता, तो काढायच्या भानगडीत पडलो नाही. भट्टीत जळून गेला.

रिव्हेटची भोकं माती वाळल्यावर, ड्रिलचं पातं बोटांत धरून हातानं पाडली. वाळलेली माती बिस्किटासारखी असते, यंत्र लावलं की कड उडते. भोकही आकसतं, म्हणून १.५ च्या तारेला १.७ चं भोक.

कड्या नव्यानं केल्या : ९२५ ची १.२ मिलिमीटर तार, आतला व्यास चार, तोंडं करवतीनं सरळ कापून, जुळवून, प्रत्येक कडी झाळून बंद. हूक दीड मिलिमीटर तारेचा, वाकवल्यावर हातोडीनं हलकं पिटून कडक केलेला. शुद्ध चांदीचा हूक कधी करू नये, उघडतोच.

शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासलं. ब्रश कोरडा फिरवला तर चांदीवर पितळेची पिवळी झाक बसते, रिठ्यानं ती बसत नाही. शिरांतला काळेपणा दोन तासांच्या भट्टीत उडून गेला होता, तो परत आणायला ताईंनी त्यांची स्वतःची युक्ती वापरली : उकडलेल्या अंड्याचं पिवळं आणि ब्रेसलेट एका बंद डब्यात, एकमेकांना न टेकता. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. मग वरचा भाग ओपणीनं उजळला, चर काळे राहिले. नवी पट्टी कुठली ते ताईंनी मला विचारलं नाही, स्वतः शोधून काढलं. तिच्यातल्या बारीक शिरा थोड्या जास्त दाट आहेत.

कामाच्या मधेच ताईंनी विचारलं होतं की हेच कांस्यात किंवा तांब्यात केलं तर स्वस्त पडेल का. माती स्वस्त पडते, हो. कांस्याची माती २००८ पासून बाजारात आहे. पण ती उघडी भाजता येत नाही, स्टीलच्या डब्यात सक्रिय कोळशाच्या भुकटीत पुरून भाजावी लागते, नाहीतर हवेनं काळी पडून कण धरतच नाहीत. आकसतेही चांदीपेक्षा जास्त. टॉर्चवर थांबलेल्या माणसाला मी ती सुचवत नाही.

भाची आता ब्रेसलेट रोज घालते. अलीकडे ते उजाळ्याला आलं तेव्हा सांधे पाहून घेतले. कड्या गोल आहेत, कानांची भोकंही गोल आहेत, रव्यांची डोकी थोडी चपटी झाली आहेत आणि हुकाशेजारच्या कडीला घासल्याची हलकी खूण आहे. ती कडी वर्षभरात बदलावी लागेल; तार आहे, पाच मिनिटांचं काम. झाळ दिलेल्या त्या दोन जुन्या पट्ट्या ताईंनी मामांकडे मोडीत दिल्या नाहीत. उरलेल्या मातीतून त्या आता कानातलं करायला बसल्या आहेत, त्याच टॉर्चवर. कानातल्याला ओढ नसते, तिथं टॉर्च चालेल. खोली अंधारी करून, घड्याळ रंग आल्यावर लावायचं, एवढं त्यांना सांगितलं आहे.